दोन मिनिटांच्या प्रवासास दहा महिने लागल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. उपनियंत्रक (नोंदणी),
नागरी कर्मचारी शाखा, सागरी पुरवठा कार्यालय,
जुनी गोदी, दुसरा मजला, खिडकी क्रमांक सहा.

अर्जदार : कुऱ्हाडवाला, पुरवठा जहाज क्रमांक चार, सध्या नेमणूक दोरकाम प्रशिक्षण वर्ग.

विषय : पाळण्याने जहाज बदलताना मंजूर कालावधीपेक्षा जास्त वेळ घेतल्याबद्दल धाकट्या भावास बजावलेल्या नोटिशीचा खुलासा.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेची. २) "कर्मचारी वाटेत आहे" या मजकुराची आपली नऊ पत्रे. ३) अर्जदारास दिलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. संदर्भ एकची नोटीस अर्जदाराच्या धाकट्या भावाच्या नावे घरी आली. तीत म्हटले आहे की, आपण सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पुरवठा जहाज क्रमांक चार सोडले, सदर प्रवासास दोन मिनिटांचा कालावधी मंजूर आहे, त्यास दहा महिने उलटूनही आपण नेमणुकीच्या जहाजावर हजर झाला नाहीत, सबब सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सेवापुस्तकात उशिराचा शेरा मारण्यात येईल. धाकटा खुलासा करण्याच्या परिस्थितीत नाही. म्हणून त्याचा थोरला भाऊ या नात्याने अर्जदार तो करीत आहे.

२. अर्जदारास लिहिता येते. परंतु दहा महिन्यांपासून पेन हातात धरले की उजवा हात थरथरतो. सबब हा खुलासा धाकट्याची पत्नी, म्हणजे अर्जदाराची भावजय, उतरवून घेत आहे. ती शाळेच्या कचेरीत कारकून आहे. अर्जदार साध्या बोलीत सांगतो आणि "सबब" व "सदर" ती घालते. नोटीस आल्यापासून तिने एकच धोशा लावला होता, की भाऊजी, तुम्ही त्यांच्याबरोबर होतात, तेव्हा काय झालं ते तुम्हीच सांगा, मी लिहिते. आज सुट्टी आहे. दुपारची जेवणे झाल्यावर तिने टेबल पुसून कागद मांडले. अर्जदाराने तिला बजावले, की मी सांगेन ते सगळे लिहायचे आणि मध्ये हात थांबवायचा नाही. तिने मान डोलावली. पुढे काय येणार आहे हे तिला माहीत नाही, आणि हे वाक्यही तिनेच आत्ता लिहिले आहे.

३. साहेब, आपल्या कार्यालयाच्या खिडकीतून धक्का दिसतो, समुद्र दिसत नाही. म्हणून काम काय होते ते आधी सांगणे भाग आहे. पुरवठा जहाज क्रमांक चार हे तेलाचे जहाज. पोटात आठ हजार टन तेल, वर त्र्याहत्तर माणसे, आणि त्यांत सैनिक एकही नाही. कोणी पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता, कोणी वाळूच्या बार्जवर, आचारी तर एका वसतिगृहातून आलेला. भरतीच्या वेळी प्रत्येकाकडून लिहून घेतले होते, की मी लढणार नाही, शस्त्र बाळगणार नाही आणि सैनिकाचा मान मागणार नाही. आम्ही मुकाट्याने सह्या केल्या. त्या कागदाची एक प्रत शत्रूला पाठवली होती किंवा कसे, हे अर्जदारास ज्ञात नाही. आमच्या जहाजाला आम्ही म्हैस म्हणत असू, कारण भर समुद्रात युद्धनौका येऊन तिला लुचत आणि पोट भरले की मागे वळून न पाहता निघून जात. आमची त्याबद्दल तक्रार नव्हती.

४. तेल देण्याची रीत अशी. दोन्ही जहाजे चाळीस मीटर अंतर राखून, शेजारी शेजारी, एकाच वेगाने चालतात. थांबायचे नाही, कारण थांबलेले जहाज म्हणजे पाणबुडीला आयते ताट. मध्ये तारेवरून तेलाची नळी जाते, ती धोक्याच्या वेळी कळ ओढून झटक्यात सोडता येते. माणसांसाठी वेगळा जाड दोर असतो, त्यावर एक लोखंडी खुर्ची लोंबते. तिलाच पाळणा म्हणतात. अठरा माणसे ओढदोर खांद्यावर घेऊन, समुद्राकडे पाठ करून डेकवर चालतात आणि पाळणा सरकतो. पलीकडे जायला दोन मिनिटे लागतात. अर्ध्या वाटेवरून घाईने परत ओढायचा झाला तर वीस सेकंद पुरतात. हा वीसचा आकडा साहेबांनी कृपया लक्षात ठेवावा.

५. माणूस पाळण्यात बसला की आमचा हजेरी कारकून त्याचे नाव लाल रेघेने कापतो. पलीकडच्या डेकवर त्याचा पाय टेकला की तिथला कारकून ते निळ्या शाईने चढवतो. मधली दोन मिनिटे तो कोणाच्याच पटावर नसतो. हा नियम आपल्याच कार्यालयाचा असून तो कशासाठी, तर एका माणसाची दोन जहाजांवर दोन जेवणे निघू नयेत म्हणून. पाळण्यातला माणूस ना आईचा ना दाईचा, असे आमचे लोक गमतीने म्हणत. गमतीची किंमत पुढे येईलच.

६. पाळण्याचा जाड दोर आणि ओढदोर, दोन्ही आमच्या कठड्याजवळ एका लाकडी ठोकळ्यावरून जातात. त्या ठोकळ्यापाशी कुऱ्हाड घेऊन एक माणूस उभा असतो. तो अर्जदार. धोका दिसला की पाच आखूड शिट्ट्या होतात. शिट्टीनंतर तीस सेकंदांत दोर कापायचे, म्हणजे जहाजे मोकळी होऊन वळू शकतात. पाळण्यात माणूस असेल तर आधी तो आत ओढायचा आणि मग घाव घालायचा. तीस सेकंद त्यासाठीच दिलेले आहेत. कुऱ्हाडवाल्याने मात्र समुद्राकडे पाहायचे नाही. ठोकळ्यावर पांढऱ्या रंगात "इकडे बघ" असे लिहिलेले आहे. फार पूर्वी एकाने दोरावरच्या माणसाकडे पाहिले, त्याचा हात उठेना, आणि जहाजे एकमेकांवर आदळली, तेव्हापासूनचे ते आहे. मग माणूस आत आला हे न पाहता कळायचे कसे? तर मुकादम कुऱ्हाडवाल्याच्या पाठीवर थाप मारतो. थाप पडली की घाव. ही थाप आपल्या पुस्तकात नाही, पण म्हशीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. थापेवाचून कोणी कुऱ्हाड उचलल्याचे आमच्यात कधी ऐकिवात नव्हते.

७. त्या दिवशी युद्धनौकेला महिनाभरासाठी विंच, म्हणजे दोर गुंडाळायचे यंत्र, दुरुस्त करणारा एक माणूस हवा होता. पाळी अर्जदाराची होती. दोघेही भाऊ ते काम जाणतात, म्हणून अर्जदाराने मुकादमाला सांगून पाळी धाकट्याला दिली. कारण तिकडे तोफा होत्या, जाड पोलाद होते आणि पायाखाली तेल नव्हते. घरून निघताना भावजय दारात म्हणाली होती, की भाऊजी, त्यांना नजरेआड करू नका. अर्जदाराने विचार केला, की नजरेआड झाला तरी बेहत्तर, पण आगीवरून उठेल. धाकटा जायला तयार नव्हता. तो म्हणाला, दादा, तिकडे मला कोण ओळखतं, मरायचंच तर इथे बरोबर मरू की. अर्जदाराने वडीलकी दाखवली, चार लोकांत त्याला झापले आणि हाताला धरून पाळण्यात बसवले. पिशवी मांडीवर घेऊन तो म्हणाला, दादा, पाळणा सांभाळून हलव रे, पहिल्यांदाच बसतोय. अठराच्या अठरा जण हसले. कारकुनाने लाल रेघ मारली. दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

८. दहा बेचाळीसच्या सुमारास पाच शिट्ट्या झाल्या. पाण्यात पाणतीराची, म्हणजे टॉर्पेडोची, रेघ दिसते आहे, असे युद्धनौकेच्या टेहळ्याने कळवले होते. ओढणारे अठरा जण तात्काळ उलटे फिरले आणि पाळणा आमच्याकडे ओढू लागले. लाटेने अडवल्यामुळे पाळणा तेव्हा जेमतेम अर्ध्या वाटेवर पोहोचला होता. वीस सेकंदांचे काम होते, तीस सेकंद हातात होते. ज्याला हिशेब येतो त्याने तो येथेच करून पाहावा.

९. चौकशीत अर्जदाराने असे सांगितले, की पाठीवर थाप पडली म्हणून घाव घातला. मुकादमानेही सांगितले, की थाप मारली. अठराही जणांनी लिहून दिले, की दोर हलका लागत होता, पाळणा रिकामाच असावा. हे सारे खोटे आहे. त्यांनी ते अर्जदाराला वाचवण्यासाठी सांगितले आणि अर्जदाराने ते वाचण्यासाठी सांगितले. खरे असे : थाप पडली नव्हती. अर्जदाराने मान वळवून पाहिले. रेघ त्याला स्वतःलाही दिसली, सरळ आमच्या पोटाकडे येणारी. खाली आठ हजार टन तेल होते. अर्जदार घाबरला. जहाजासाठी नव्हे, त्र्याहत्तर जणांसाठी नव्हे, स्वतःच्या कातडीसाठी घाबरला. मग त्याने पाळण्याकडेही पाहिले. धाकट्याने दोन्ही पाय वर उचलून घेतले होते. पाळणा आत येतो तेव्हा पाय कठड्यावर आपटू नयेत म्हणून असे घ्यायला आम्हीच शिकवतो. आपल्याला आत घेत आहेत अशी त्याची खात्री होती. तो अर्जदाराकडे बघत होता. अर्जदाराने त्याच्याकडे बघत बघत कुऱ्हाड घातली. एका घावात दोन्ही दोर गेले. शिट्टीपासून अकरा सेकंद झाले होते. ओढणारे अठरा जण एकदम एकमेकांच्या अंगावर पडले.

(येथे भावजय उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ चालू होता. परत येऊन तिने पेन उचलले व पुढे सांगा म्हणाली. ही नोंद तिनेच कंसात घेतली आहे.)

१०. धाकट्याच्या अंगात नारिंगी जाकीट होते, म्हणून तो चार मिनिटे दिसत राहिला. तो हात हलवत होता. दोन्ही जहाजे दोन बाजूंना वळली. सहाव्या मिनिटाला टेहळ्याने कळवले, की ती पाणतीराची रेघ नसून पाण्यात बुडत-तरंगत चाललेले एक लाकडी पिंप आहे. ते पिंप आमचेच होते. कुबट वास येतो म्हणून आचाऱ्याने सकाळी समुद्रात टाकलेले. आचाऱ्याने त्यानंतर कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. पण त्याने पिंप टाकले, दोर कापला नाही. कप्तानाने मागे फिरून शोध घेण्याची परवानगी मागितली. वरून उत्तर आले, आधी तेल. अकरा वाजून वीस मिनिटांनी तीच युद्धनौका पुन्हा शेजारी आली, नवे दोर टाकले गेले, आणि ठोकळ्यापाशी कुऱ्हाड घेऊन अर्जदारच उभा राहिला. मुकादम म्हणाला, आज राहू दे. अर्जदार उभाच राहिला. ठोकळ्यावरची खाच ताजी होती आणि तिच्यात दोराचे धागे अडकले होते. तेल पूर्ण भरून झाले तेव्हा जेवणाची घंटा झाली.

११. पुढचे आपल्या दप्तरात आहेच. आमच्या कप्तानाने लिहिले, की इसमाचे नाव दहा चाळीसला पटावरून कमी केले आहे, तो आमचा नाही. युद्धनौकेने लिहिले, की इसमाचा पाय आमच्या डेकला लागला नाही, तो आमचा नाही. दोघांनीही हात झटकले. आपल्या कार्यालयाने दोन्ही कागद समोर ठेवले आणि निष्कर्ष काढला, की जो इथून निघाला व तिथे पोहोचला नाही तो वाटेत आहे. पाळण्याच्या बाबतीत मात्र कार्यालयाने तत्परता दाखवली. चौथ्या दिवशी "पाळणा, लोखंडी, नग एक, युद्धात नष्ट" अशी नोंद झाली आणि सातव्या दिवशी नवा पाळणा आला, रंगही सुकला नव्हता. म्हणजे पाळणा मेला हे सरकारला मान्य आहे. त्यात बसलेला माणूस तेवढा प्रवास करतो आहे.

१२. त्यानंतर दर महिन्याला भावजयीस पत्र येऊ लागले, की आपले पती वाटेत आहेत, काळजी नसावी. ती ती पत्रे भोक पाडून फाइलला लावते. अर्जदार पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा तिने दारातच विचारले, हे बरे आहेत ना? अर्जदार म्हणाला, कागदावर लिहिलंय ना, वाटेत आहे. तिसऱ्या पत्राच्या वेळी तिने विचारले, एवढी कसली वाट? अर्जदार म्हणाला, युद्ध आहे, वळसे घ्यावे लागतात. तिने धाकट्याचे सदरे धुऊन इस्त्री करून ठेवले, दोन महिन्यांनी पुन्हा धुतले. अर्जदार खोटे बोलला हे खरे. पण ते खोटे आपल्या शिक्क्यासह घरपोच येत होते, अर्जदाराने ते फक्त वाचून दाखवले. अर्जदार हा बचाव म्हणून सांगत नाही.

१३. दरम्यान अर्जदारास प्रशस्तिपत्र देण्यात आले. त्यात लिहिले आहे, की तीस सेकंदांची मुदत असता अवघ्या अकरा सेकंदांत दोर कापून जहाज व त्र्याहत्तर जीव वाचवल्याबद्दल. नागरी कर्मचाऱ्याला असा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून फोटो छापून आला. भीक नको पण कुत्रा आवर, असे अर्जदाराला झाले. जहाजावर त्याचे नावच "अकरा" पडले. भावजयीने प्रशस्तिपत्राला काच लावून ते बाहेरच्या खोलीत टांगले आणि शेजारणीला बोलावून दाखवले. मग अर्जदारास गोदीवरच्या वर्गात नवीन लोकांना दोर कापायला शिकवण्यासाठी नेमले. वर्गात पाळण्यावर वाळूचे पोते ठेवतात. अर्जदार रोज वीस-पंचवीस पोती पाडून दाखवतो. पेन धरताना थरथरणारा हात कुऱ्हाड धरली की अगदी स्थिर असतो, याची डॉक्टरांनाही गंमत वाटते. आता अर्जदाराच्या उदाहरणावरून मुदत तीसवरून बारा सेकंदांवर आणली आहे. वीस सेकंदांत आत येणारा माणूस बारा सेकंदांत कसा येईल, असे एका खलाशाने वर्गात विचारले. वेळ वाया घालवल्याबद्दल त्याला बाहेर काढण्याचा हुकूम झाला आणि तो अर्जदाराने पाळला.

१४. अर्जदार खिडकी क्रमांक सहावर तीन वेळा आला होता. पहिल्या वेळी त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवले, दुसऱ्या वेळी पुन्हा सहावर. तिसऱ्या वेळी तेथील कारकुनाने, आणि माणूस भला आहे, आत बोलावून चहा पाजला आणि समजावले. तो म्हणाला, हे बघा काका, पाळण्यात माणूस असताना दोर कापणं हा गुन्हा. तुम्हाला तर प्रशस्तिपत्र मिळालंय. सरकार गुन्ह्याला प्रशस्तिपत्र देईल का? नाही. म्हणजे पाळण्यात माणूस नव्हता. अर्जदार म्हणाला, मी डोळ्यांनी पाहिला. तो म्हणाला, कुऱ्हाडवाल्याने पाहायचंच नसतं, मग तुमची साक्ष कशी धरायची? अर्जदाराने उरलेला चहा संपवला. निघताना कारकुनाने सहीसाठी एक कोरा कागद पुढे केला. त्याच्या बहिणीच्या दिराला अर्जदाराची सही हवी होती.

१५. सबब अर्जदाराची विनंती अशी, की धाकटा वाटेत नसून त्याच दिवशी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनंतर पाण्यात मेला, अशी नोंद व्हावी. नोंदीत "अपघाताने" हा शब्द नसावा. "थोरल्या भावाच्या हातून, थाप पडण्यापूर्वी" असे शब्द असावेत. प्रशस्तिपत्र परत घ्यावे. ते सोबत जोडावयाचे आहे. अर्जदारास वर्गावरून काढून त्याच्यावर जो काही खटला चालत असेल तो चालवावा, आणि नियमात त्यासाठी शिक्षा नसेल तर ती लिहून काढण्यात यावी. मुकादमाने व अठरा जणांनी दिलेले जबाब दयेपोटी दिलेले समजून त्यांना त्रास देऊ नये. उशिराच्या शेऱ्याबाबत म्हणाल तर धाकटा आयुष्यात कधी कामावर उशिरा गेला नाही. तेवढा शेरा मारू नये, अशी वेगळी विनंती आहे.

१६. मृत घोषित करण्यासाठी पत्नीचे नाहरकत पत्र लागते, ते आले तर बाकीचे मी वर बोलून करून घेतो, असे खिडकीवरच्या कारकुनाने चहाच्या वेळी सांगितले होते. ते पत्र मागण्याची अर्जदाराची दहा महिने हिंमत झाली नाही, कारण मागायचे तर कारण सांगावे लागले असते. आता कारण सांगून झाले आहे. भावजय टेबलापलीकडे बसली आहे आणि खाली मान घालून लिहिते आहे. परिच्छेद नऊपासून ती अर्जदाराशी "पुढे सांगा" याखेरीज एक शब्द बोललेली नाही. अर्जदार या अर्जातूनच तिला हात जोडून विनंती करतो, की तिने खाली नाहरकत लिहावी. अर्जदाराला रात्रीची झोप नको, क्षमा नको. धाकटा मेला आहे, एवढे एका तरी कागदाने म्हणावे. घरात रोज त्याचा विषय निघतो आणि अर्जदाराला तो जिवंत असल्यासारखे बोलावे लागते. हे आता सोसवत नाही.

आपला नम्र, आणि आपल्या दप्तरी शूर,

कुऱ्हाडवाला, पुरवठा जहाज क्रमांक चार
(हात थरथरत असल्याने सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा)

दिनांक : ३ फेब्रुवारी

सोबत :
१) कारणे दाखवा नोटीस, मूळ.
२) "वाटेत आहे" पत्रे, नग नऊ, भोक पाडलेली.
३) प्रशस्तिपत्र. (जोडलेले नाही. खाली पाहावे.)
४) पत्नीचे नाहरकत पत्र. (खाली पाहावे.)

पत्नीचे निवेदन :

वरील सोळा परिच्छेद अर्जदाराने सांगितले तसे मी उतरवून घेतले आहेत. परिच्छेद नऊनंतर अक्षर बदललेले दिसेल, तेही माझेच आहे.

माझे पती गेले हे मला पाचव्या पत्रालाच कळले होते. वाटेत असलेला माणूस पाच महिन्यांत घरी चार ओळी तरी लिहितो. भाऊजींना सांगायला जड जात असेल असे मला वाटे. म्हणून मी विचारत राहिले, सदरे धूत राहिले, की आज ना उद्या त्यांचे तोंड उघडेल. मृत घोषित करायला पत्नीची नाहरकत लागते हे कचेरीतल्या कामामुळे मला ठाऊक होते, म्हणून ती मी दोन महिन्यांपूर्वीच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली होती. आज कागद काढताना तीही काढली आणि या कागदांच्या खाली ठेवली. भाऊजी रडतील, मी त्यांना पाणी देईन आणि मग ती त्यांच्या हातात देईन, असे मी ठरवले होते. मोरीतून परत येताना मी ती फाडली.

अर्जदारास शिक्षा हवी आहे. ती कार्यालयाने देऊ नये. शिक्षा भोगली की माणूस मोकळा होतो, आणि भाऊजी मोकळे झालेले मला नको आहेत. माझ्या नवऱ्याने पाय वर घेतले होते. प्रशस्तिपत्र मी लावले आहे तेथेच राहील, ते परत मागवू नये. अर्जदारास वर्गावर कायम ठेवावे. "वाटेत आहेत" ही पत्रे बंद करू नयेत. फक्त यापुढे ती अर्जदाराच्या नावे पाठवावीत. ती मी त्यांना वाचून दाखवीन आणि ते काय उत्तर देतात ते ऐकत जाईन.

पतीस मृत घोषित करण्यास माझी हरकत आहे.

हा अर्ज या निवेदनासह अर्जदार स्वतः उद्या सकाळी खिडकी क्रमांक सहावर आणून देतील. मी त्यांना सर्व वाचून दाखवले असून त्यांनी तसे मान्य केले आहे.

(सही)
अर्जदाराची भावजय